खोटे बोलणे सोडलेली वाटाडी: एका विनोदी फँटसीच्या दुसऱ्या भागावरील वाचकमतांचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील लेखिका, पुस्तक आणि वाचक यांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि कथानकातील काही खुणा बदलल्या आहेत; घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. पुस्तकाचा संपादक म्हणून मी या सगळ्यात सुरुवातीपासून होतो, त्यामुळे पुढे ज्या चुका दिसतील त्यांतील बऱ्याचशा माझ्या आहेत हे आधीच सांगितलेले बरे.

पहिल्या भागाची गोष्ट हलकीफुलकी होती. एका गावाची घंटा चोरीला जाते आणि ती परत आणण्याच्या मोहिमेवर तिघांना धाडले जाते. त्यांतला एक गुडघेदुखीने बेजार झालेला निवृत्त पहारेकरी, दुसरा वाटेतल्या प्रत्येक घटनेची तीन प्रतींत नोंद ठेवणारा लेखनिक, आणि तिसरी सगळे रस्ते तोंडपाठ असल्याचे छातीठोकपणे सांगणारी एक तरुण वाटाडी, जिने प्रत्यक्षात गावाची वेससुद्धा कधी ओलांडलेली नसते. तिच्या थापा हेच मोहिमेचे इंधन होते. ती एक थाप मारत असे, ती निभावण्यासाठी दुसरी मारत असे, आणि दुसरीमुळे तिघेही अशा ठिकाणी जाऊन पडत की तिथून सुटायला तिसरीच लागे. शेवटी ते एका दारापाशी पोहोचतात, जे फक्त खऱ्या बोलण्याने उघडते. पहारेकरी आपले जुने पराक्रम सांगतो, लेखनिक आपल्या नोंदी वाचून दाखवतो, दार ढिम्म हलत नाही. मग वाटाडी म्हणते, “मला रस्ता माहीत नव्हता. एकदाही नव्हता.” दार उघडते. वाचकांनी पुस्तक उचलून धरले ते मुख्यतः या एका वाक्यासाठी, असे त्यांच्या पत्रांवरून दिसत होते.

दुसऱ्या भागात परत आणलेली घंटा भलत्याच वेळी वाजू लागते, आणि ती ज्या कारागिराने ओतली त्याला शोधायला तेच तिघे पुन्हा निघतात. खर्डा हाती आला तेव्हा मला तो आवडला होता. भाषा पहिल्यापेक्षा सफाईदार होती, प्रसंगांची गुंफण अधिक घट्ट होती, आणि पात्रे एकमेकांशी ज्या जिव्हाळ्याने वागत होती त्याने सुखावायला होत होते. या जिव्हाळ्यातच खोट होती, पण ती मला दिसली नाही.

मते कशी गोळा केली

छपाईपूर्वी खर्डा 12 जणांना वाचायला द्यायचे ठरले. त्यांपैकी 10 जणांनी पहिला भाग वाचलेला होता आणि 2 जणांनी नव्हता. सोबत मी एक प्रश्नावली जोडली: कथा कुठे रेंगाळली, कोणते पात्र आवडले, शेवट पटला का, आणि विनोद पुरेसा वाटला का. लेखिकेने स्वतःची एक भर घातली. प्रत्येकाने खर्ड्याच्या समासात जिथे खरोखर हसू आले तिथे पेन्सिलीने ‘ह’ लिहावा, अशी तिची विनंती होती. मला ही कल्पना काहीशी बालिश वाटली आणि मी ती केवळ तिच्या समाधानासाठी मान्य केली.

प्रती परत आल्या तेव्हा आम्ही प्रश्नावल्या बाहेर काढल्या, त्यांची टिपणे केली आणि खर्डे कपाटात ठेवून दिले. समासातल्या खुणा त्यानंतर सहा आठवडे कोणी पाहिल्या नाहीत.

अडचण

प्रश्नावल्यांतून एकच सूर निघत होता. पहिल्या भागाइतकी मजा आली नाही, असे जवळजवळ प्रत्येकाने या ना त्या शब्दांत म्हटले होते. तक्रारीवर एकमत असले तरी उपायांवर मात्र कोणाचेच कोणाशी जुळत नव्हते. एकाला लढाया हव्या होत्या. दुसऱ्याला लेखनिक आणि वाटाडी यांचे प्रेम जमलेले पाहायचे होते. पहिला भाग अगदी कोवळ्या वयात वाचलेल्या आणि आता थोराड झालेल्या एका वाचकाने लिहिले होते की आता ही मालिका गंभीर व्हायला हवी, कोणाचा तरी बळी जायला हवा. पहिला भाग न वाचलेल्या दोघांना सुरुवातीची वीस पाने डोक्यावरून गेली होती, तर वाचलेल्यांना तीच वीस पाने मागील कथेची उजळणी करतात म्हणून कंटाळवाणी वाटली होती. दोघा वाचकांनी पहारेकरी मधल्या भागात बराच काळ गायब असतो अशी तक्रार केली होती. ती मी वहीत नोंदवून तिच्यापुढे ‘किरकोळ’ असा शेरा मारला. हा शेरा पुढे महागात पडला.

आणखी एक मत एका शाळकरी वाचकाचे होते. त्याने प्रश्नावलीतील सगळे रकाने कोरे ठेवून तळाशी एकच वाक्य लिहिले होते: “ती आता खोटं बोलत नाही, म्हणून मला तिची काळजी वाटत नाही.” वाक्य गोड आहे असे म्हणून आम्ही पुढे गेलो.

पहिला निर्णय आणि तो का फसला

‘विनोद पुरेसा वाटला का’ या प्रश्नाला बहुतेकांनी ‘नाही’ असे उत्तर दिले होते, त्यामुळे विनोद वाढवावा असा सरळसोट निष्कर्ष मी काढला. आता मागे वळून पाहता हा निष्कर्ष प्रश्नातच पेरलेला होता हे उघड आहे. जेवताना घास अळणी लागला की पाहुणा मीठ मागतो. पण कधीकधी उणीव मिठाची नसून भाजी कच्ची राहिलेली असते, आणि ‘मीठ पुरेसे आहे का’ असे विचारणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

लेखिकेने तीन आठवडे खपून जवळजवळ प्रत्येक प्रकरणात विनोदी जागा वाढवल्या. पहिल्या भागात लेखनिकाची तीन प्रतींची सवय चार-पाचदाच येत होती आणि दर वेळी तिच्यातून काहीतरी नवे घडत होते. सुधारित खर्ड्यात ती पानोपानी येऊ लागली. पहारेकऱ्याचे गुडघे हवामान सांगू लागले. हा खर्डा आम्ही 12 पैकी 4 जणांना पुन्हा दिला. चौघांचेही मत आधीपेक्षा वाईट झाले. त्यांतील एकीने लिहिले, “लेखिका सारखी गुदगुल्या करते आहे असे वाटले.” मालिकेतल्या पात्राच्या लकबी वाचकाला प्रिय असतात हे खरे, पण लकब म्हणजे पात्र नव्हे. जिच्यामुळे काही बिघडत नाही किंवा सुधारत नाही अशी लकब दुसऱ्या पुनरुक्तीलाच शिळी होते.

या टप्प्यावर लेखिका पुस्तक बाजूला ठेवण्याच्या विचारात होती. “वाचकांना पुन्हा तेच हवंय की वेगळं हवंय, हे एकदा त्यांनाच ठरवू द्या,” असे ती वैतागून म्हणाली. मला त्यावर उत्तर नव्हते. मग तिनेच कपाटातले खर्डे काढायला लावले.

खुणांनी काय सांगितले

बाराही प्रती जमिनीवर ओळीने मांडून आम्ही एकेक प्रकरण एकाच वेळी उघडत गेलो. पहिल्या चार प्रकरणांत ‘ह’ तुरळक होते आणि तेही विखुरलेले. कोणाला एका जागी हसू आले होते, कोणाला दुसऱ्या. पाचवे प्रकरण जवळजवळ कोरे होते. मात्र सहाव्या प्रकरणातील एका पानावर बारांपैकी नऊ प्रतींत ‘ह’ होता, आणि तो पाचसहा ओळींच्या एकाच टापूत दाटला होता. एकाने तर तिथे सलग तीन वेळा लिहिला होता.

तो प्रसंग खर्ड्यात अगदी ओझरता होता. पुढचा पूल कोसळला आहे असे वाटाडी सरायवाल्याला सांगते. तिच्या थापांची कीर्ती त्याच्या कानावर आलेली असल्याने तो हसून मान डोलावतो आणि आपल्या मुलाला गाडी घेऊन त्याच पुलाकडे धाडतो. ती पुन्हा सांगते, शपथ घेते, रडकुंडीला येते. सरायवाला तिच्या अभिनयाला दाद देतो. अर्ध्या पानात प्रसंग संपतो आणि कथा दुसरीकडे वळते. एकाही प्रश्नावलीत या पानाचा उल्लेख नव्हता, कारण कोणत्याही प्रश्नाच्या उत्तरात ते बसत नव्हते.

शाळकरी वाचकाचे वाक्य आम्हाला तेव्हा आठवले. पहिल्या भागातला विनोद तिघे अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडल्याने आणि त्यांतली एक सतत खोटे बोलत असल्याने निर्माण होत होता. त्या भागाचा शेवट या दोन्ही गोष्टी मिटवून टाकतो: तिघे मित्र होतात आणि वाटाडी खरे बोलू लागते. शेवट समाधानकारक होता तो यामुळेच, आणि दुसरा भाग निस्तेज झाला तोही यामुळेच. वाचक ज्याला ‘कमी विनोद’ म्हणत होते ती प्रत्यक्षात घर्षणाची आणि धास्तीची उणीव होती. वाटाडी आता प्रामाणिक, रस्ता चुकला तर लगेच कबूल करणारी, आणि तिचे सोबती तिला समजून घेणारे. मला सुखावणारा तो जिव्हाळा वाचकाला झोप आणत होता.

विचारात घेतलेले पर्याय

निदान झाल्यावर चार वाटा समोर होत्या. वाटाडीला पुन्हा खोटे बोलायला लावणे ही सर्वांत सोपी. विनोद तत्काळ परतला असता, पण दारापाशी उच्चारलेल्या वाक्याची किंमत शून्य झाली असती. ज्या वाचकांनी त्या वाक्यासाठी पुस्तकावर जीव टाकला त्यांच्याशी ती प्रतारणा ठरली असती, यावर आमचे दोघांचे एकमत होते.

पहिल्या भागाची नवी आवृत्ती निघणारच होती, तेव्हा तिचा शेवटच थोडा बदलावा, असाही एक विचार झाला. याला मोठे उदाहरण आहे. जे. आर. आर. टोल्किन या इंग्रज लेखकाची ‘द हॉबिट’ ही कादंबरी 1937 साली आली; तिचा नायक बिल्बो याला गॉलम नावाच्या प्राण्याची जादूची अंगठी मिळते. पुढच्या कथेत या अंगठीचे महत्त्व वाढल्यावर टोल्किनने 1951 च्या दुसऱ्या आवृत्तीत गॉलम आणि बिल्बो यांच्या भेटीचे प्रकरण बदलले, आणि आधीच्या मजकुराचा खुलासा असा केला की बिल्बोने तेव्हा खरी हकीकत सांगितलीच नव्हती. चूक पात्राच्या खोटेपणात मुरवून टाकण्याची ही युक्ती आमच्या थापाड्या वाटाडीला चपखल बसली असती, आणि म्हणूनच मी तिच्याकडे काही दिवस ओढलो गेलो. लेखिकेने ठाम नकार दिला. अंगठीचा स्वभाव बदलला म्हणून मागचा प्रसंग बदलणे वेगळे, आणि पुढचे लिहिणे अवघड जाते म्हणून मागचा चांगला शेवट मोडणे वेगळे, असे तिचे म्हणणे होते. ते बरोबर होते.

तिसरी वाट गांभीर्याची. हलक्याफुलक्या शोधकथेचा पुढचा भाग भारदस्त झाल्याचे उदाहरणही त्याच लेखकाचे आहे: ‘द हॉबिट’च्या पुढची गोष्ट हवी या प्रकाशकाच्या मागणीवरून 1937 च्या डिसेंबरात सुरू झालेले लेखन 1954 आणि 1955 साली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या नावाने तीन खंडांत प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचा सूर पार बदललेला होता. पण तिथे सूर बदलायला एक प्रचंड जग पाठीशी उभे होते. आमच्याकडे भलत्या वेळी वाजणारी घंटा होती. थोराड झालेल्या त्या वाचकाचे मत प्रामाणिक होते, परंतु तो पुस्तकाविषयी कमी आणि स्वतःच्या वाढलेल्या वयाविषयी अधिक बोलत होता, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

चौथी वाट समासातल्या त्या नऊ खुणांनी दाखवली होती: वाटाडीला प्रामाणिकच राहू द्यायचे, पण जगाला तिच्या प्रामाणिकपणाची खबर लागू द्यायची नाही.

प्रत्यक्ष कृती

लेखिकेने वाढवलेले सगळे विनोद काढून टाकले आणि सरायवाल्याचा प्रसंग सहाव्या प्रकरणातून उचलून थेट पहिल्या प्रकरणात आणला. तिथे त्याचा आणखी एक उपयोग झाला. मागील कथेची वीस पानी उजळणी रद्द करून तीच गोष्ट आता सरायवाला प्रवाशांना रंगवून सांगतो, आणि कोपऱ्यात बसलेली वाटाडी राहवत नाही म्हणून मधे मधे दुरुस्त करते. “राक्षस सात पुरुष उंच होता,” तो म्हणतो. “राक्षस नव्हताच, नुसतं दार होतं,” ती म्हणते. सगळे खो खो हसतात. “बघा,” सरायवाला कौतुकाने सांगतो, “अजून तशीच आहे!” पहिला भाग न वाचलेल्याला यातून हवे तेवढे कळते, आणि वाचलेल्याला आपण सरायवाल्यापेक्षा शहाणे असल्याचा आनंद मिळतो.

ही क्लृप्ती आमची नव्हे. सर्वांतिस या स्पॅनिश लेखकाच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग 1605 साली आणि दुसरा 1615 साली प्रसिद्ध झाला, दुसऱ्या भागात नायकाला आपल्यावरचे पुस्तक लोकांनी वाचले असल्याचे कळते, आणि एक पदवीधर तरुण त्याला वाचकांच्या तक्रारी ऐकवतो. मधेच घुसडलेली एक स्वतंत्र गोष्ट लोकांना खटकली, आणि नायकाचा सेवक सांचो याचे गाढव कोणी चोरले हे सांगायचेच राहिले, अशा त्या तक्रारी आहेत. सर्वांतिसने वाचकांच्या हरकतींना प्रस्तावनेऐवजी गोष्टीतच उत्तर दिले, आणि तेही हसत. विनोदी शोधकथेच्या दुसऱ्या भागाला वाचकांची मते हाच कच्चा माल होऊ शकतो, हा धडा लेखिकेने त्यातून घेतला.

यापुढचे काम तुलनेने सरळ होते. वाटाडी खरे सांगते आणि कोणी विश्वास ठेवत नाही, ही स्थिती दर खेपेला बदलत जाईल अशी दक्षता घेतली. आधी परके लोक अविश्वास दाखवतात, मग लेखनिक तिच्या एका विधानापुढे प्रश्नचिन्ह मांडतो, आणि शेवटी तीच स्वतःविषयी साशंक होते. शेवटी घंटा फुटते यावर पाच वाचकांची हरकत होती. तिथे लेखिकेने कोणाचेही ऐकले नाही, आणि मीही आग्रह धरला नाही, कारण हरकत घेणाऱ्या पाचही जणांनी ते प्रकरण एका बैठकीत वाचल्याचे लिहिले होते.

परिणाम

तिसरा खर्डा नव्या सहा जणांना दिला आणि या वेळी प्रश्नावली जोडली नाही. खुणा पहिल्या प्रकरणापासून दिसू लागल्या. पुस्तक छापले गेले आणि त्यावर आलेल्या मतांत ‘पहिल्याइतकी मजा नाही’ हे वाक्य नाहीसे झाले नाही, पण विरळ झाले. काही वाचकांना पहिलाच भाग सरस वाटतो आणि वाटत राहील. पहिल्या भेटीचे नावीन्य दुसऱ्या भेटीत आणता येत नाही, आणि ती तक्रार लेखिकेने मनाला लावून घेऊ नये, असे मी तिला सांगितले.

एक तक्रार मात्र सर्वांत जास्त वेळा आली, आणि तीच आम्ही अपेक्षिली नव्हती. पहारेकरी कुठे गेला? मधल्या सुमारे 80 पानांत तो जखमी म्हणून एका गावी मागे राहतो, आणि वाटाडीच्या प्रसंगांवर आमचे लक्ष इतके खिळले होते की तो परत येतो तेव्हा त्याला स्वागतापुरतीसुद्धा जागा उरलेली नव्हती. पहिल्या फेरीत दोघांनी हेच सांगितले होते. माझ्या वहीत ‘किरकोळ’ हा शब्द अजून आहे.

वेगळे काय करता आले असते

प्रश्नावलीतील विनोदाविषयीचा प्रश्न घालायलाच नको होता. वाचकाला दुखते कुठे ते अचूक कळते, पण औषधाचे नाव विचारले की तोही अंदाजाने बोलतो, आणि आपण तो अंदाज निदान म्हणून लिहून घेतो. समासातल्या खुणा आधी पाहिल्या असत्या तर लेखिकेचे तीन आठवडे आणि चार वाचकांचा उत्साह वाचला असता. खुणांनाही मर्यादा आहेत, हेही नोंदवायला हवे: हसू आले ते खुणेने कळते, पण एखाद्या पात्राची उणीव भासली तर समासात काही उमटत नाही, कारण जे पात्र त्या पानावर नाही त्याच्यासाठी पेन्सिल उचलणार कशी? पहारेकऱ्याबाबत घोटाळा झाला तो नेमका इथे. आम्ही आधी फक्त शब्दांवर विसंबलो, नंतर फक्त खुणांवर.

तक्रारींचे वजन संख्येवर ठरवणे हीही चूकच होती. बारांपैकी दोघे म्हणजे थोडे, हे गणित छापील पुस्तकाच्या वाचकांना लावले की तेच दोघे बरेच होतात. शिवाय ते दोघे कोण होते हे मी पाहिले नव्हते. पहिला भाग न वाचलेले जे दोघे होते, तेच हे दोघे. बाकीच्यांच्या मनात पहारेकरी आधीच्या पुस्तकातून वस्तीला होता, त्यामुळे तो पानावर नसला तरी त्यांना तो सोबत असल्यासारखा वाटत असावा. या दोघांकडे तसा साठा नव्हता, आणि म्हणून रिकामी जागा फक्त त्यांना दिसली. निवडलेल्या वाचकांत अशांचे प्रमाण निम्मे असते तर हा शेरा किरकोळ वाटला नसता.

तिसऱ्या भागाचा खर्डा सध्या वाचकांकडे आहे. पहारेकरी पहिल्याच पानावर आहे, एकटा, आणि त्याचे गुडघे हवामान सांगत नाहीत. त्या दोघांपैकी एकाची प्रत परत आली आहे. दुसऱ्याची यायची आहे.